काठावरचे आणि पाण्यातले

वन्य पशूशी अवचित पडलेली गाठ हा विषय असा आहे, की त्यावर बोलणाऱ्याचा हुद्दा, त्याची मिळकत आणि त्याचे घर रानापासून किती अंतरावर आहे, या तिन्ही गोष्टी त्याच्या पहिल्या दोन-चार वाक्यांतच उघड होतात. माझ्या स्नेह्यांपैकी दोन गृहस्थांच्या बाबतीत हा प्रत्यय मला वारंवार आलेला आहे. एक वनखात्यातून वनक्षेत्रपाल म्हणून निवृत्त झालेले, उमेदीची वर्षे मेळघाटात काढलेले, संस्कृत काव्याचे व्यासंगी आणि स्वभावाने सौंदर्यलोलुप. त्यांना आम्ही रावसाहेब म्हणतो. दुसरे जुन्नर तालुक्यात कुकडीच्या पाण्यावर ऊस करणारे, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, आणि मामलेदार कचेरीचे उंबरे झिजवण्यात अर्धी हयात गेल्यामुळे कोणत्याही गोष्टीची कैफियत तारीखवार मांडण्याची सवय जडलेले तात्या. निवृत्तीनंतर रावसाहेब याच तालुक्यात येऊन स्थायिक झाले, आणि तेव्हापासून या दोघांचा जो वाद सुरू झाला आहे, त्याचा निकाल लागावा अशी त्या दोघांपैकी कोणाचीही मनापासून इच्छा असल्याचे मला दिसलेले नाही.

प्रस्तुत प्रसंगाचे निमित्त असे घडले, की एका दिवाळी अंकाने रावसाहेबांकडे 'अविस्मरणीय वन्यभेट' या विषयावर लेख मागितला, त्यांनी तो तत्परतेने लिहून काढला, आणि छापावयास धाडण्यापूर्वी तात्यांच्या ओसरीवर आम्हां दोघांना तो वाचून दाखवला.

लेखातील हकीकत सिपना नदीच्या एका डोहाची होती. फाल्गुनातील उतरत्या दुपारी रावसाहेब एका कोरकू वनरक्षकासह पाणवठे पाहत चालले असता, डोहाच्या मध्यभागी गळ्याइतक्या पाण्यात सांबराची एक मादी निश्चल उभी असलेली त्यांना दिसली. आणि ती तशी का उभी आहे याचा उलगडा होण्यापूर्वीच पलीकडच्या काठावरून एक बारीक, लांबट शीळ आली, तिला अलीकडून दुसरीने उत्तर दिले, आणि विटकरी अंगाची, काळ्या झुपकेदार शेपटीची रानकुत्री, ज्यांना आपल्याकडे कोळसुंदे म्हणतात, एकेक करून झुडपांतून बाहेर आली. ती पाण्यात उतरली नाहीत. एखादे काठाने फेरी घाली, एखादे पुढचे पाय ताणून निवांत पडे. त्यांतले एक पाणी पिण्यासाठी रावसाहेबांपासून पंधरा-वीस हातांवर आले. त्याच्या डाव्या कानाची कड फाटलेली होती, मिशांवरून पाणी ठिबकत होते, आणि मान वर करून त्याने रावसाहेबांकडे जे पाहिले, ते समोरच्या दगडाकडे पाहावे तसे पाहून ते पुन्हा सांबराकडे वळले. अंधार पडेपर्यंत दृश्य तेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर पावलांचे ठसे सापडले. हाडे सापडली नाहीत.

"त्या प्राण्याच्या दृष्टीत," रावसाहेबांनी कागद खाली ठेवीत म्हटले, "माझ्याविषयी भय नव्हते, क्रोध नव्हता, कुतूहलही नव्हते. आयुष्यभर ज्याला कोणी ना कोणी साहेब म्हणून सलाम केला, अशा माणसाला या सृष्टीच्या व्यवहारात आपली कोठेही गणती नाही याचा साक्षात्कार व्हावा, आणि तरीही त्यात अपमान न वाटता एक प्रकारची मुक्तता वाटावी, हे त्या भेटीचे माझ्या दृष्टीने सार आहे. मनुष्याने वर्षातून एकदा तरी अशा जागी जाऊन उभे राहावे, जेथे तो कोणीही नसतो."

तात्यांनी सुपारी कातरणे थांबवले. "लेख उत्तम आहे, साहेब, त्यात कानामात्रा बदलू नये. माझी हरकत एवढीच, की तुम्ही काठावर होतात. तुम्हाला मोकळे वाटले ते त्या सबबीने. त्या डोहात जी उभी होती, तिची जबानी या लेखात कुठे आली नाही. आणि आमचे गाव गेली पंचवीस वर्षे पाण्यातच उभे आहे."

रावसाहेब काही वेळ बोलले नाहीत. नंतर त्यांनी, वादात जड जाऊ लागले की विद्वान माणसे करतात तसा, एका मोठ्या नावाचा आधार घेतला. "तात्या, भय आणि आदर एकत्र नांदू शकतात. जिम कॉर्बेट पाहा. 1907 साली चंपावतची जी वाघीण त्याने मारली, तिच्या नावावर 436 माणसांचे बळी नोंदले गेले होते. आणि तरीही 1944 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात वाघाविषयी जी उदार दृष्टी आहे, ती वाघ कधी न पाहिलेल्या लोकांच्या लिखाणातही आढळत नाही."

"आढळेल कशी? त्याच्या हातात बंदूक होती," तात्या म्हणाले. "ज्याला मारता येते, त्याला उदार होता येते. माझा सवाल निराळा आहे. त्या 436 जणांपैकी पुस्तक लिहिण्यासाठी किती जण उरले? आणि वाघिणीची वाट कोणती, ती कोणत्या घळीतून उतरते, हे कॉर्बेटसाहेबाला ज्यांनी दाखवले, त्या कुमाऊंच्या बायाबापड्यांनी आपली भेट कोणत्या दिवाळी अंकाला धाडावी?"

हा घाव वर्मी बसला हे मला दिसले. तथापि तात्यांचा हा पवित्रा पूर्णतः न्याय्य नव्हता, कारण कॉर्बेटने त्या लोकांना आपल्या लिखाणात फार मानाची जागा दिलेली आहे, आणि रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याला 1926 साली मारण्यापूर्वी त्या डोंगरातील माणसांच्या बंद दारांआडच्या रात्री त्याने ज्या बारकाईने टिपल्या, तेवढी बारकाई आपल्या जिल्ह्यातील पंचनाम्यांत मी अजून वाचलेली नाही. पण ओसरीवरच्या वादात तळटिपांना कोण विचारतो? मी तात्यांना एवढेच म्हटले, की आता तुमची भेट सांगा.

"माझ्या भेटीला सौंदर्य नाही," असे बजावून त्यांनी आरंभ केला. "माघातली गोष्ट. वीज रात्री दहाला यायची आणि पहाटे सहाला जायची. आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. दोनच्या सुमाराला मी दारे धरायला गेलो. बॅटरी काखेत, खोरे हातात, वाकून एका सरीचे दार फोडून दुसरीचे लावत होतो, तोच पाटाच्या वरच्या अंगाला लपलप आवाज आला. कुत्रे पाणी पिते तसाच. मी वाकूनच होतो. तसाच मान वळवून पाहिली. बॅटरीचा झोत आडवा पडला होता. दोन डोळे आधी दिसले, मग खांदा. दहा हातांवर वाघ पाणी पीत होता."

(आमच्या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. रावसाहेबांनी ही दुरुस्ती आजवर अनेकदा करून पाहिली आहे आणि आता सोडून दिली आहे.)

"मी ताठ उभा राहिलो, कारण वाकलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो, हे साहेबांच्याच खात्याच्या माणसाने ग्रामसभेत सांगितले होते. पळालो नाही. लोक याला धैर्य म्हणतात. त्या वेळी माझ्या मनात काय चालले होते, ते खरे सांगू? पाणी चालू होते. मी दार सोडून गेलो असतो, तर बांध फुटून शेजाऱ्याच्या कांद्यात पाणी शिरले असते आणि सकाळी भाऊबंदकी उभी राहिली असती. मी खोकलो. तो पाणी प्यायचा थांबला. बसला, साहेब! मांजर पायरीवर बसते तसा बसला, आणि मी दोन सऱ्यांची दारे त्याच्या देखत फिरवली. तिसऱ्या सरीला मान वर केली, तेव्हा तो नव्हता. तो गेल्यावर मला घाम सुटला. कारण बसलेला वाघ दिसत होता, गेलेला दिसत नव्हता, आणि सहा वाजेपर्यंत अजून चार तास पाणी द्यायचे होते. घरी सांगितले, काही दिसले नाही. सांगितले असते, तर दुसऱ्या रात्री मंडळी माझ्याबरोबर शेतात आली असती, आणि मग एकाच्या जागी दोन जीवांची काळजी."

रावसाहेबांचा चेहरा हे ऐकताना विलक्षण उजळला होता. "तात्या, तुम्ही काय सांगितलेत हे तुमच्या तरी ध्यानात आले आहे काय? त्या पशूने तुम्हाला पाहिले, तोलले, आणि तुमच्याशी आपला काही संबंध नाही असे ठरवून तो शांतपणे बसून राहिला. माझ्या कोळसुंद्यापेक्षा ही भेट थोर आहे. हा संयम..."

"त्या दिवशी संयम," तात्या म्हणाले. "कोणत्या दिवशी असतो आणि कोणत्या दिवशी नसतो, याचे वेळापत्रक त्याने आम्हाला दिलेले नाही. विजेचे तरी मिळते."

येथून संवादाने जे वळण घेतले, ते मला अधिक मोलाचे वाटते, कारण दोघेही आपापल्या अनुभवाचे गाठोडे बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींवर आले. रावसाहेबांनी 2001 सालची आठवण काढली. त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून जुन्नर वनविभागात शेतांमध्ये दिसणारे बिबटे पिंजरे लावून पकडावयाचे आणि सरासरी 40 किलोमीटर दूरच्या रानांत नेऊन सोडावयाचे, असा उपक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. हेतू निर्मळ होता. आणि त्याचे फलित असे झाले, की त्यापूर्वी माणसांवरील हल्ल्यांची संख्या वर्षाला सरासरी 4 होती, ती 2003 पर्यंतच्या काळात वर्षाला 17 वर गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकरणाचा जो अभ्यास केला, त्यावरून निष्कर्ष निघाला तो असा, की पकडलेला, पिंजऱ्यात कोंडलेला आणि परक्या मुलखात नेऊन टाकलेला बिबट्या हा मूळच्या बिबट्यापेक्षा अधिक धोकादायक ठरतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या लवकरच घेतो.

"पिंजऱ्यासाठी आमच्या गावातून जो अर्ज गेला, त्यावर पहिली सही माझी होती," तात्या म्हणाले. "मुलावर हल्ला झाला होता, शे-दोनशे माणूस रस्त्यावर बसला होता. साहेब, त्या वेळी कोणी येऊन सांगितले असते की पिंजरा लावू नका, तर त्याला आम्ही गावाबाहेर जाऊ दिला नसता. आज सांगितले तर ऐकतो. पण ऐकायलाही माणूस जिवंत आणि भानावर असावा लागतो."

"आणि सोडलेला बिबट्या थांबतोही कोठे?" रावसाहेब म्हणाले. मग त्यांनी 'आजोबा'ची कथा सांगितली, जी वाचकांपैकी अनेकांना तिच्यावरील मराठी चित्रपटामुळे ठाऊक असेल. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला हा प्रौढ बिबट्या बाहेर काढून, गळ्यात स्थान सांगणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आला. आणि तो घाट उतरून, महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडून, सुमारे 120 किलोमीटरची मजल मारून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाऊन राहिला. वाटेतल्या वाड्यावस्त्यांना त्याच्या जाण्याची वार्ताही लागली नाही. 2011 साली वाहनाच्या धडकेने तो मेला.

ही कथा सांगताना रावसाहेबांचा स्वर नकळत आर्द्र झाला. तात्यांना मात्र तिच्यातील निराळीच गोष्ट आवडली. "माझ्या मते वाघ असावा तर असा. एवढ्या गावांच्या अंगावरून गेला, आणि कोणाची भेट घेतली नाही! साहेब, तुमच्या दिवाळी अंकाने 'न घडलेली भेट' असा विषय द्यावा. आमच्या तालुक्यातून पोतेभर लेख जातील."

विनोदाचा भाग सोडला, तरी या उद्गारात जे आहे ते मला विचार करण्याजोगे वाटते. अकोले खोऱ्यात बिबट्यांचा जो अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले, त्यांत ऊस, बागायत आणि दाट वस्ती असलेल्या त्या प्रदेशात 100 चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच प्रौढ बिबटे आढळले होते. त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला, आणि शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच भरला. याचे कारण शास्त्रज्ञांनी जे दिले, ते तात्यांच्या कारभारीण बाईंनी चुलीपुढून उठून न येताच सांगितले, की शेळी रात्री आत असते, कुत्रे बाहेर. त्या खोऱ्यातील आदिवासी वस्त्यांत वाघबारसेला वाघोबाच्या ठाण्यावर नैवेद्य दाखवणारे गुराखी भेटीसाठी नव्हे, भेट टळावी म्हणून तो दाखवत आले आहेत. वन्य पशूची भेट घडावी अशी ज्याला उत्कंठा असते, त्याच्यापेक्षा ती न घडावी म्हणून जो रोज सायंकाळी गोठ्याचे दार, कोंबड्यांचा खुराडा आणि अंगणातला दिवा पाहून घेतो, त्याचे त्या पशूविषयीचे ज्ञान अधिक खोल असते, असे माझे मत झाले आहे. ते लिहून ठेवण्याचा शिरस्ता नसल्याने त्याला ज्ञान म्हणण्याचा प्रघात पडलेला नाही, एवढेच. रावसाहेबांचा आनंद खोटा नाही. पण तो पाहुण्याचा आनंद आहे, आणि यजमानाने तो वाटून घ्यावा अशी पाहुण्याने अपेक्षा धरू नये.

हा फरक रावसाहेब आणि तात्या या दोघांनी एकत्र पाहिलेल्या एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. गेल्या हंगामात तात्यांच्या उसाला तोड आली असता, फडाच्या मध्यावर पाचटात बिबट्याचे तीन बछडे सापडले. डोळे नुकते उघडलेले, अंगावरचे ठिपके अद्याप धूसर, आणि माणसाची चाहूल लागताच फिस्कारण्याइतकी जन्मजात अक्कल असलेले. तोड थांबली. रावसाहेबांनी खात्याच्या माणसांना बोलावले. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो ज्या कॅरेटांत भरून जातात, तशा एका कॅरेटात बछडे ठेवून ते सायंकाळी होते त्याच जागी नेऊन ठेवण्यात आले, आणि सारी माणसे दूर झाली. मादी रात्री आली. दूर ठेवलेल्या कॅमेऱ्यात पुढे जे दिसले, त्यात ती कॅरेटाभोवती दोनदा फिरली, पंजाने ते कलंडवले, आणि एकेक पिलू मानगुटीला धरून बाजूच्या न तोडलेल्या उसात घेऊन गेली. रावसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले होते. तात्यांनी मादी कोणत्या सरीने गेली ते पाहून ठेवले.

ते बछडे जिला सर्वांआधी दिसले, ती तोडणीवाली बाई मराठवाड्याकडची होती. तिचे स्वतःचे तान्हे मूल त्या वेळी गाडीखाली झोळीत निजलेले होते, आणि पाचट उचलताना तिचा हात बछड्यांपासून वीतभर अंतरावर गेला होता. तिची भेट रावसाहेबांच्या डोहापेक्षा आणि तात्यांच्या पाटापेक्षा जवळची. ती मुकादमाला विचारीत होती ते असे, की आज फड बंद राहिला तर खाडा कोणाच्या नावावर पडणार. कारण मजुरी टनावर असते, उचल आधीच घेतलेली असते, आणि न तोडलेल्या उसाचे टन होत नाहीत. मुकादमाने उत्तर दिले नाही. तोडणीवाले आणि मेंढवाडा घेऊन फिरणारे धनगर, ही उघड्यावर निजणारी माणसे या भागात सर्वांत अधिक धोक्यात असतात. पण वन्यभेटींच्या साहित्यात ती क्वचितच बोलतात, आणि आमच्या ओसरीवरही त्या सायंकाळपर्यंत ती बोललेली नव्हती.

मी हा विषय काढला, तेव्हा दोघेही स्तब्ध झाले. नंतर रावसाहेबांनी आपल्या स्वभावानुसार प्रश्न व्यापक केला: मनुष्य आणि पशू यांच्या सहजीवनाला उदात्त अधिष्ठान कसे मिळावे? तात्यांनी तो आपल्या स्वभावानुसार लहान केला. तोडणीवाल्यांच्या कोप्यांना दार आणि दिवा असावा. विहिरींना कठडे असावेत, म्हणजे वाघही पडणार नाही आणि पोरही पडणार नाही. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद असावा. गावाचा कचरा आणि मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये, म्हणजे कुत्री वाढणार नाहीत आणि त्यांच्या मागोमाग तो येणार नाही. आणि या सगळ्याच्या आधी, शेतीची वीज दिवसा मिळावी.

"या यादीत वाघाला हलवण्याची मागणी नाही," रावसाहेब आश्चर्याने म्हणाले.

"हलवून पाहिले ना, साहेब? त्याची आता या उसातली कितवी पिढी आहे देव जाणे. त्याला डोंगर ठाऊक नाही, मला डोंगर परवडत नाही. दोघे एकाच पाटाचे पाणी पितो. पण मी दिवसा पिईन आणि तो रात्री पिईल, एवढी वाटणी सरकारला करून देता येईल की नाही? भाऊबंदांच्या विहिरीतही पाण्याच्या पाळ्या असतात."

रावसाहेब यावर हसले, आणि वादात पहिल्यांदाच त्यांनी उलट युक्तिवाद केला नाही. आपला लेख त्यांनी घडी करून खिशात ठेवला; तो अंकात यथावकाश आला, आणि चांगला वठला आहे. त्याच आठवड्यात त्यांनी तात्यांच्या सांगण्यावरून वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयास एक अर्ज लिहून दिला. मजकूर तात्यांचा, भाषा रावसाहेबांची, त्यामुळे तो थोडा लांबला. पण त्यात रात्रीच्या पाळीमुळे कोणत्या शिवारात किती खातेदारांना उसात उतरावे लागते, याची यादी गट नंबरांसह जोडलेली आहे, आणि खाली दोघांच्याही सह्या आहेत. अर्जाची पोच मिळालेली आहे. चालू हंगामात गावाला आठवड्यातले तीन दिवस वीज दिवसा आणि चार दिवस रात्री मिळते. ज्या वाचकांचा या खात्याशी काही संबंध असेल, त्यांनी हे चार दिवस कमी करता आले तर पाहावे.